छोट्या कामासाठी क्वार्टर-सॉन लाकूड मिळत नाही? साध्या फळीतूनच काढा

तक्रार नेहमीची आहे. एखादी डबी, खणाच्या बाजू, लहानशी चौकट किंवा लाकडी गुण्या करायचा असतो. आराखड्यात लिहिलेलं असतं, ‘क्वार्टर-सॉन वापरा’, म्हणजे टोकाकडून बघितलं तर वाढीची वलयं फळीच्या रुंद पृष्ठाला उभी दिसतील असं कापलेलं लाकूड. वखारीत विचारलं की ‘ते ठेवत नाही’ किंवा ‘घ्यायचं तर अख्खा लॉट घ्या’ असं उत्तर मिळतं. लांबून मागवावं तर येतात त्या निम्म्या फळ्या तिरप्या वलयांच्या. मग माणूस कंटाळून हाताला लागेल ती फळी उचलतो, आणि हवा बदलली की झाकण अडकतं.

हात-दीड हाताच्या कामासाठी ‘क्वार्टर-सॉन’ अशी चिठ्ठी लावलेला माल शोधत फिरायची गरज नाही. वखारीतल्या साध्या ढिगात तो असतोच. कधी रुंद फळीच्या कडेला, कधी जाड फळीच्या पोटात. फळीचं टोक बघून तो ओळखायचा आणि स्वतः कापून काढायचा. मोठ्या टेबलाला हे परवडत नाही, छोट्या कामाला हमखास परवडतं.

आधी कोन बघा

फळीचं टोक समोर धरा. वाढीची वलयं फळीच्या रुंद पृष्ठाशी किती अंशांचा कोन करतात ते महत्त्वाचं. 60 ते 90 अंश असेल तर क्वार्टर-सॉन, 30 ते 60 असेल तर रिफ्ट-सॉन, 30 च्या खाली असेल तर फ्लॅट-सॉन, म्हणजे आपली नेहमीची कमानदार नक्षीची फळी. पण एकाच फळीत हे तिन्ही प्रकार सापडू शकतात. एका कडेला 80 अंश आणि मध्यावर 15, असं सर्रास असतं. म्हणून अख्ख्या फळीला एकच नाव देऊन मोकळं होऊ नका, टोकाची पूर्ण रुंदी बघा.

खरंच गरज आहे का?

लाकूड वलयांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मं ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं. क्वार्टर-सॉनचं सगळं कौतुक यातूनच आलंय. मात्र हे प्रमाण प्रत्येक जातीत सारखं नाही. ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत रेड ओक गाभ्याकडून सालीकडे 4.0 टक्के आणि वलयांच्या दिशेने 8.6 टक्के आकसतो. अमेरिकन बीचचे आकडे 5.5 आणि 11.9, सागाचे 2.5 आणि 5.8. आता काळा अक्रोड बघा, 5.5 आणि 7.8. खरी महोगनी 3.0 आणि 4.1.

म्हणजे महोगनीच्या छोट्या डबीसाठी क्वार्टर-सॉनचा हट्ट धरणं मला तरी वेळेचा अपव्यय वाटतो. तिथे कुठल्याही दिशेने कापलं तरी फरक फार नाही. सागाचं प्रमाण दुपटीहून जास्त आहे, पण मुळात तो आकसतोच कमी. बीच आणि ओक मात्र उलट्या टोकाचे, तिथे मेहनत वाया जात नाही. रेड ओकचं 150 मिमी रुंद झाकण घ्या. लाकडातला ओलावा 4 टक्क्यांनी बदलला, तर फ्लॅट-सॉन झाकण रुंदीत सुमारे 2.2 मिमी हलतं, म्हणजे फुगतं किंवा आकसतं, आणि क्वार्टर-सॉन 1 मिमीच्या किंचित आत. बसतं झाकण आणि अडकतं झाकण यांच्यात एवढंच अंतर असतं.

शिवाय रुंदी 40-50 मिमीच्या आत असेल तर हलण्याचा आकडा तसाही किरकोळ असतो. तिथे क्वार्टर-सॉन हवं असेल ते सरळ रेषांच्या दिसण्यासाठी, नाहीतर फळीला पन्हळ पडू नये, म्हणजे ती रुंदीत वाकू नये म्हणून.

वखारी हा माल ठेवत नाहीत यालाही कारण आहे. ओंडका सतत फिरवत कापावा लागतो, वाया जास्त जातं, फळ्या अरुंद निघतात आणि वाळायलाही जास्त वेळ घेतात.

मागवलं क्वार्टर-सॉन, आलं तिरपं

यात दरवेळी फसवणूकच असते असं नाही. बऱ्याच ठिकाणी 45 अंशांच्या वरचं सगळं क्वार्टर-सॉन म्हणून धरतात. ओकसारख्या लाकडात रिफ्ट आणि क्वार्टर एकत्र करून विकायचीही पद्धत आहे. तुमच्या डोक्यात 80 अंश, विकणाऱ्याच्या डोक्यात 45, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.

उपाय सोपा आहे. नाव सांगून मागवू नका, कोन सांगून मागवा. ‘दोन्ही कडांना वलयं किमान 75 अंश हवीत’ असं लिहा आणि दोन्ही टोकांचे फोटो मागा. टोकाला ओला फडका फिरवून फोटो काढायला सांगा, ओल्या टोकावर वलयं लख्ख दिसतात. एवढं करायलाही विक्रेता तयार नसेल तर तो माल तुमच्यासाठी नाही.

टोकाला मेण किंवा रंग फासलाय

टोकाने तडकू नये म्हणून तसं करतात. विचारून एका कोपऱ्यावर छोट्या रंध्याचा एक हात मारा, किंवा धारदार पटाशीने अंगठ्याएवढी जागा साफ करा. तेही करू देत नसतील तर पृष्ठ आणि कड एकत्र वाचा. पृष्ठावर सरळ समांतर रेषा आणि अरुंद कडेवर कमानदार नक्षी दिसली तर फळी क्वार्टर-सॉन. पृष्ठावर कमानी आणि कडेवर सरळ रेषा असतील तर फ्लॅट-सॉन. दोन्हीकडे सरळ रेषा असतील तर रिफ्ट. नुसतं पृष्ठ बघून ‘रेषा सरळ आहेत, म्हणजे हेच’ असं ठरवणारे बहुतेक वेळा रिफ्ट घेऊन घरी येतात.

वखारीत नुसत्या साध्या फळ्याच आहेत

मग तर उत्तमच. ढिगातली सगळ्यात रुंद फळी आधी बघा. ओंडका सरळ आरपार चिरत गेलं की मधल्या एक-दोन फळ्यांमध्ये गाभा येतो किंवा गाभ्याला चाटून जातो. गाभ्यापाशी तडे असतात, म्हणून अशा फळीला गिऱ्हाईक कमी. तुम्ही मात्र तीच उचला, तिच्या दोन्ही कडा क्वार्टर-सॉन असतात.

किती भाग मिळेल याचा हिशोब टोकावरच करता येतो. गाभ्याचा बिंदू शोधा. तो फळीच्या बाहेर असेल तर वलयांच्या वळणावरून अंदाजे खूण करा. गाभा फळीच्या मध्यरेषेपासून वर किंवा खाली किती आहे ते मोजा. गाभ्यापासून बाजूला त्याच्या पावणेदोन पट अंतर गेलात की कोन 60 अंशांवर येतो, चौपट गेलात की 76 अंशांवर. उदाहरणार्थ, गाभा मध्यरेषेच्या 15 मिमी खाली असेल, तर 26 मिमीपासून पुढे क्वार्टर-सॉन सुरू होतं आणि 60 मिमीपासून पुढचं चांगल्यापैकी उभं असतं. 300 मिमी रुंद फळी असेल आणि तो गाभा रुंदीच्या बरोबर मधोमध असेल, तर दोन्ही बाजूंना 90-90 मिमीचे झकास पट्टे निघतात. डबीच्या बाजूंना आणखी काय हवं?

गाभा फळीतच असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचं निदान 20-25 मिमी लाकूड काढून टाका. झाडाच्या कोवळ्या वयातलं ते लाकूड लांबीतही आकसतं, त्यामुळे पट्टीला बाक येतो. लोभ धरून ते ठेवलं की पुढची सगळी मेहनत फुकट.

दुसरा मार्ग जाड फळीचा, आणि माझ्या मते छोट्या कामाला हाच सगळ्यात भरवशाचा. 50 मिमी जाडीची साधी फ्लॅट-सॉन फळी घ्या, तिच्या लांबीच्या दिशेने पट्ट्या चिरा आणि प्रत्येक पट्टी कुशीवर वळवा. फळीची जाडी ही पट्टीची रुंदी झाली आणि आडवी वलयं उभी झाली. 8 मिमीची तयार पट्टी हवी असेल तर 11 मिमीवर चिरा. करवतीचे 3 मिमी धरले तरी 200 मिमी रुंदीतून 14 पट्ट्या निघतात, रंधा मारून साधारण 45 मिमी रुंदीच्या. बँडसॉवर, म्हणजे अखंड पट्टीच्या पात्याच्या करवतीवर, चिरलं तर भुसा कमी, पट्टी एखादी जास्त.

इथे एक खोच आहे. फळीच्या मध्यावरच्या पट्ट्या अस्सल निघतात, कडेकडे वलयं वळलेली असल्याने तिथल्या पट्ट्या रिफ्ट होतात. म्हणून चिरण्याआधी टोकावर पेन्सिलने रेघा आखा. गाभ्याकडून निघून चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर जाणाऱ्या बारीक किरणरेषा ओल्या टोकावर दिसतात. तुमची काप त्या रेषांना समांतर हवी. कडेच्या पट्ट्यांसाठी करवतीचं टेबल तेवढं तिरकं करा, मधे एक पाचरीच्या आकाराचा तुकडा वाया जाईल, जाऊ द्या. हात करवतीने काम करणाऱ्यांना हे उलट सोपं पडतं, टोकावरची तिरपी रेघ धरून चालवायची.

45 मिमीपेक्षा रुंद फलक हवा तर पट्ट्या कडेला कड लावून चिकटवा. चिरण्याआधी फळीच्या पृष्ठावर आरपार मोठा त्रिकोण काढून ठेवा, म्हणजे चिरल्यावरही क्रम आणि दिशा हरवत नाही. सरळ समांतर रेषांमुळे सांधे जवळपास दिसेनासे होतात. कमानदार फळ्या जोडताना नक्षी जुळवण्याची जी मारामार असते ती इथे नाही.

तिसरा मार्ग चौकोनी ठोकळ्याचा. लेथवर कातायला किंवा टेबलाच्या पायांना विकले जाणारे ठोकळे लोक या कामासाठी बघतच नाहीत. वलयं एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरपी जात असतील तर चारही बाजू रिफ्ट दिसतात, आणि पाय करायला तेच उत्तम. पण तोच ठोकळा व्ही आकाराच्या खाचेत पक्का बसवून, वलयांना काटकोनात असलेल्या कर्णावर बँडसॉने चिरला, तर 50 मिमीच्या ठोकळ्यातून जवळजवळ 70 मिमी रुंदीचा क्वार्टर-सॉन काप मिळतो. पुढचे काप झपाट्याने अरुंद होत जातात, तीन-चारच्या वर मिळत नाहीत. हे काम बँडसॉवरच किंवा हातानेच करायचं, टेबल सॉवर नाही. ठोकळा खाचेत फिरला तर हाताशी गाठ आहे.

वाद्यं बनवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्यांकडे उरलेल्या तुकड्यांची चौकशी करायलाही हरकत नाही. गिटारच्या वरच्या फलकाला स्प्रूस क्वार्टर-सॉनच लागतो, आणि डागामुळे किंवा गाठीमुळे बाद झालेला तुकडा डबीच्या झाकणाला पुष्कळ होतो. घरबांधणीच्या रुंद तुळया-वाशांमध्येही पुष्कळदा गाभा मधोमध असतो, त्यांना वरचाच हिशोब लागू.

ओंडकाच मिळालाय

तोडलेल्या झाडाचा हात-दीड हाताचा ओंडका हा क्वार्टर-सॉनचा सगळ्यात शुद्ध स्रोत, कारण तो करवतीने कापायचा नाही, पाचर ठोकून फोडायचा. लाकूड किरणरेषांवरच फुटतं, म्हणजे कोन आपोआप 90. अर्धे, पाव, मग आठवा भाग असं निम्म्या-निम्म्याने फोडत जा. आतल्या कडेचा गाभा आणि बाहेरची साल काढली की 250 मिमी व्यासाच्या ओंडक्यातून 80-90 मिमी रुंदीच्या फळ्या निघतात. बाहेरचं फिकट लाकूड टाकायचं असेल तर त्याहून कमी.

सालीवरच्या चिरा ओंडक्याभोवती गोल फिरत जाताना दिसल्या तर तो सोडा. आतल्या तंतूंनाही तोच पीळ असतो आणि फोडलेली फळी पंख्याच्या पात्यासारखी निघते. ओंडका सरळ असेल तर त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा घट्ट रंग लावा, नाहीतर टोकाकडून तडे आत सरकतात. फोडल्यावर मधे काड्या घालून, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशा जागी रचा. 25 मिमी जाडीला वर्ष हा जुना ठोकताळा आहे, पातळ फळ्या बऱ्याच आधी वाळतात. ठोकताळ्यापेक्षा वजनकाटा खरा. एक फळी दर आठवड्याला तोला, वजन उतरायचं थांबलं की लाकूड तिथल्या हवेशी जुळलं. मग ज्या खोलीत काम करणार तिथे आणून पुन्हा काही दिवस ठेवा.

पट्ट्या चिरल्या आणि वाकल्या

क्वार्टर-सॉन वाकत नाही असं ऐकलेलं असतं, म्हणून इथे लोकांचा विश्वासच उडतो. पन्हळ पडत नाही हे खरं, पण बाक येण्याचा आणि वलयांचा संबंध थोडाच आहे. जाड फळीच्या आत ताण कोंडलेला असतो आणि पोट बाहेरच्यापेक्षा ओलं असतं. चिरलं की दोन्ही सुटतात.

करवतीतून बाहेर पडतापडता पट्टी वाकली तर तो ताण आहे. चिरल्यावर सरळ होती आणि दोन दिवसांनी वाकली तर तो ओलावा. ओलाव्याचा उपाय म्हणजे जाडीत 3 मिमी शिल्लक ठेवून चिरणं, काड्यांवर रचून वर वजन ठेवणं आणि हलायचं थांबल्यावरच शेवटचा रंधा मारणं. एकीकडूनच सगळं तासू नका, दोन्ही बाजूंनी सारखं काढा. ताण असलेल्या फळीतून लांब पट्ट्या निघत नाहीत. आधी आडवं कापून तुकडे लहान करा आणि मग चिरा, लांबी निम्मी केली तर बाक चौथाईवर येतो. छोट्या कामाला एवढी लांबी कुठे लागते?

टोक अगदी उभं आहे, तरी चमकदार नक्षी नाही

दोन कारणं. पहिलं म्हणजे जात. ओक, सिकमोर, बीच यांचे किरण मोठे असतात, म्हणून रुपेरी ठिपके आणि पट्टे दिसतात. अक्रोड, ॲश, साग यांचे किरण बारीक, तिथे सरळ रेषाच मिळणार, कितीही अचूक कापा. दुसरं म्हणजे कोन. 65 अंश हे नावाला क्वार्टर-सॉन असलं तरी ओकची मोठी नक्षी काप किरणांना अगदी समांतर असतानाच उघडते, दहा-पंधरा अंश ढळलं की पट्ट्यांचे बारीक तुकडे होतात. फळीत जाडी शिल्लक असेल तर टोकावर किरणांची दिशा आखा आणि पृष्ठ त्या दिशेला थोडं पाचरीसारखं तासून बघा.

रंधा मारला की ढलप्या उडतात

सापेलीसारख्या लाकडात तंतूंचे थर आळीपाळीने उलट दिशांना कललेले असतात. क्वार्टर-सॉन पृष्ठावर ते शेजारी शेजारी उघडे पडतात, पट्ट्यांची सुंदर झळाळी त्याचीच. एक पट्टा गुळगुळीत होतो आणि शेजारचा उचकटतो, दिशा बदलून उपयोग नाही. पात्याला नव्याने धार लावा, काप कागदाएवढी बारीक ठेवा, पातं जास्त उभं असलेला रंधा असेल तर तो घ्या आणि शेवट पोलादी खरवडपट्टीने करा. मशीनच्या प्लेनरवर शेवटचा मिलिमीटर काढायचा मोह टाळा. ओकमध्ये प्रकार वेगळा, तिथे किरणांचे चपटे पापुद्रे उचलले जातात. उलट बाजूने रंधा मारून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

सगळं नीट, तरी पातळ पट्टी मोडली

टोकावरचा कोन लांबीतल्या तंतूंबद्दल काही सांगत नाही. वलयं 90 अंशांवर उभी आणि तंतू मात्र फळीच्या एका पृष्ठातून शिरून दुसऱ्यातून बाहेर, असं होऊ शकतं. 3-4 मिमीच्या पट्टीत ती हमखास तिथेच मोडते. हे क्वार्टर-सॉन पृष्ठावर दिसत नाही, अरुंद कडेवर दिसतं. कडेवरच्या वलयांच्या कमानींकडे लक्ष देऊ नका. ओक किंवा बीच असेल तर तिथे किरणांच्या टोकांच्या आखूड गडद रेघा शोधा, त्या तंतूंच्याच दिशेने असतात. इतर लाकडात कडेवर शाईचा थेंब टाका, शाई तंतूंबरोबर पसरते. तरी शंका राहिली तर टोकाचा एक टाकाऊ तुकडा पटाशीने फोडा. फुटलेला पृष्ठभाग फळीच्या पृष्ठाला समांतर गेला तर ठीक. तिरका गेला तर त्या तिरक्या दिशेलाच समांतर नवी रेघ आखून पट्ट्या पुन्हा चिरा, आणि तेवढी रुंदी नसेल तर ती फळी जाड कामासाठी बाजूला ठेवा.